दोनशे चौदाचा नळ

१ सप्टेंबर, सोमवार. सकाळी ७.१०

आजपासून रोजनिशी. कारण एकच: पुरावा. उद्या काही बरंवाईट झालं तर कोण काय बोललं, कोणी कोणाकडे बघून मान हलवली, सगळं तारीखवार हाताशी हवं. सव्वीस वर्षं मी या हॉटेलच्या रिसेप्शनला उभा आहे. बायको म्हणते, बसलेला आहे. ते सोडा. पाहुण्याची बॅग बघून तो जाताना किती टॉवेल नेणार हे मी सांगतो. अशा माणसाला फसवणं सोपं नाही. तरी प्रयत्न चालू आहेत असा माझा दाट संशय आहे.

संकल्प: कोणावर विश्वास ठेवायचा नाही. रजिस्टर सोडायचं नाही. साखर अर्धा चमचा.

दुपारी १.३०

मीटिंग झाली. धाकटे मालक बोलले. थोरले आता घरीच असतात, त्यामुळे यांना कोणी आवरत नाही. म्हणाले, माणसं मिळत नाहीत. रिसेप्शनसाठी जाहिरात दिली तर तीन जण आले. एकानं आधी सुट्ट्या विचारल्या, दुसऱ्यानं वायफाय, आणि तिसरा शेजारच्या दातांच्या दवाखान्यात जायचा तो चुकून इकडे आला होता. हॉटेलचा कोर्स केलेली पोरं जहाजावर जातात नाहीतर फोनवर बोलायच्या नोकऱ्या धरतात. हाउसकीपिंगला बारा जणी हव्यात, आहेत पाच. इलेक्ट्रिशियन गेला, सुतार गेला, आता दोघांचं काम प्लंबरच करतो.

मी मनात म्हटलं, माझ्या हाताखालचे दोघे गेले ते मात्र वेगळ्या कारणानं. त्यांना माझा दर्जा झेपला नाही.

तर उपाय असा. हॉटेल मॅनेजमेंटच्या कॉलेजातून वीस शिकाऊ मुलंमुली सहा महिन्यांसाठी मिळणार. पण कॉलेजच्या मॅडमची अट आहे की शिकवणारे आधी स्वतः शिकलेले हवेत. नवीन कॉम्प्युटर सिस्टिम येतेय, तिचे चोवीस पाठ. फ्रंट ऑफिस म्हणजे मी, हाउसकीपिंग, किचन आणि मेंटेनन्स, चारही हेडनी महिनाअखेर पाठ पुरे करायचे आणि मॅडमसमोर प्रॅक्टिकल द्यायचं. एक जरी अडला तरी एकही मूल मिळणार नाही. आणि फ्रंट ऑफिस अडलं तर लॉबीत मशिन बसणार. पाहुण्यानं आपलं नाव स्वतः दाबायचं, खालून कार्ड बाहेर. काउंटर बंद.

एवढं झाल्यावर सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. सीनियर माणसाकडे बघतातच लोक.

२ सप्टेंबर, मंगळवार. सकाळी ११.००

ट्रेनर आला. वय किती, तर माझ्या टायपेक्षा कमी. त्याचा टाय मात्र माझ्यापेक्षा रुंद. मी त्याचं नाव टायवाला ठेवलं आहे. गोड बोलतो. गोड बोलणाऱ्या माणसाला मी नेहमी खोली जिन्याजवळची देतो.

त्यानं विचारलं की सध्या बुकिंग कसं ठेवता. मी लाल कापडाचं रजिस्टर काउंटरवर आपटलं. धूळ उडाली, त्याला शिंका आल्या. पहिली फेरी मी जिंकली.

मग पासवर्ड. मी माझं नाव घातलं. सिस्टिम म्हणाली, कमकुवत. सव्वीस वर्षांत हे मला तोंडावर कोणी म्हटलं नव्हतं. शेवटी नाव, आकडे, एक चिन्ह असं काहीतरी लांबलचक झालं. टायवाल्यानं बजावलं की कुठे लिहून ठेवू नका. म्हणजे मी विसरावं अशी त्याची इच्छा. मी लगेच लिहून ठेवलं. चिठ्ठी चार घड्या घालून चाव्यांच्या फळ्यावर २१४ च्या खणात, चावीमागे. तिथे कोणी हात घालत नाही, कारण २१४ बंद खोली आहे.

२१४ बद्दल इथेच लिहून ठेवतो. प्रत्येक जाणता रिसेप्शनवाला एक खोली हातची ठेवतो. हॉटेल भरलेलं असताना बडा पाहुणा दारात उभा राहिला तर मालकाची लाज कोण राखणार? म्हणून रजिस्टरात २१४ समोर मी कायम लिहितो: नळ बिघडला. नळ ठणठणीत आहे. हे फक्त मला माहीत. सव्वीस वर्षांत ही खोली चार वेळा उपयोगी पडली. बाकीचे दिवस रोज जेवणानंतर मी स्वतः जाऊन तिची तपासणी करतो. आडवं होऊन केल्याशिवाय गादीची तपासणी नीट होत नाही.

३ सप्टेंबर, बुधवार. दुपारी १२.१५

सिस्टिममध्ये २१४ रिकामी दिसत होती! घाम फुटला. टायवाल्याला सहज विचारल्यासारखं विचारलं की खोली बिघडली तर काय करायचं. त्यानं एक लाल बटण दाखवलं: नादुरुस्त. दाबलं, कारण विचारलं, नळ लिहिलं, खोली बंद. दोन मिनिटांत आलं. लोक उगाच म्हणतात कॉम्प्युटर अवघड.

पाठ पहिला उद्या.

५ सप्टेंबर, शुक्रवार. सायं ६.००

पाठ पहिला केला. प्रश्न: पाहुणा चिडलेला आहे, तुम्ही आधी काय कराल? चार उत्तरं. मी निवडलं, तो दमेपर्यंत शांत राहीन. हेच मी सव्वीस वर्षं करतो. सिस्टिम म्हणते, चूक, पुन्हा प्रयत्न करा. तीनदा चूक. हा प्रश्न कोणी काढला? ज्यानं काढला त्याच्यावर कधी कोणी चिडलेलं नसणार.

२१४ सकाळी पुन्हा चालू दिसत होती. पुन्हा बंद केली. काल सकाळीही हेच. रोज कोणीतरी माझी खोली उघडतंय. कुठंतरी पाणी मुरतंय.

८ सप्टेंबर, सोमवार. सकाळी १०.४०

जेवणघराच्या भिंतीवर आता एक स्क्रीन लावलाय. चार हेड, चार पट्ट्या. किती टक्के पाठ झाले ते रंगात दिसतं. किचन ३०. मेंटेनन्स ३४. हाउसकीपिंग ५१. फ्रंट ऑफिस ०.

एक्कावन्न! हाउसकीपिंग म्हणजे चादरबाई. पंधरा वर्षांपूर्वी ही बाई इथे फरशी पुसायला आली. कानामागून आली आणि तिखट झाली. रूम-लिस्ट भरायलाही तिला मीच शिकवलं, याच काउंटरवर, चार दुपारी. सात उलटा काढायची, नवाचं शेपूट भलतीकडे. मी हसलो नाही, कारण समोर पाहुणे होते. आणि आता ही एक्कावन्न.

बायकोला सांगितलं. ती म्हणाली, मग तिलाच विचारा की कसं केलं. ही बाई कोणाच्या बाजूची आहे तेच कळत नाही.

९ सप्टेंबर, मंगळवार. दुपारी ३.२०

महत्त्वाचा शोध. रोज तीन ते चार चादरबाई, प्लंबर आणि शेफ चादरींच्या खोलीत जातात आणि दार लोटून घेतात. तिघंही हेड. चौथा हेड मी. मला बोलावलं नाही. यात लिहिण्यासारखं आणखी काय उरलं?

११ सप्टेंबर, गुरुवार. दुपारी ३.५०

आज तपासणी जरा खोल गेली. तपासणीत, म्हणजे डोळे मिटून विचार करत असताना, पाण्याचा आवाज आला. थेंब थेंब, मग धार, मग बंद. उठून पाहिलं तर बाथरूमची फरशी ओली. म्हणजे नळ खरंच बिघडलाय! माझी नोंद पहिल्यापासून बरोबर होती. अनुभव म्हणतात तो हाच.

पंखा तीनवर ठेवला होता, उठलो तेव्हा एकवर. व्होल्टेज कमी असावं.

घरी वही बघून बायकोनं विचारलं, काय लिहिता एवढं. आवाज नको तितका साधा होता. उद्यापासून वही २१४ मध्ये, उशीखाली.

१२ सप्टेंबर, शुक्रवार. सकाळी ९.३०

फ्रंट ऑफिस १२ टक्के!

मी पाठाला हात लावलेला नाही. गेल्या शुक्रवारपासून लॉगिनच केलेलं नाही. लाल बटण दाबायला लॉगिन लागत नाही. विचार केला. उत्तर एकच: सिस्टिमला माझी सव्वीस वर्षं कळली असणार. टायवाला म्हणालाच होता की ही सिस्टिम माणसाकडून शिकते. मी लाल बटण रोज ज्या सफाईनं दाबतो ते तिनं पाहिलं असेल. अनुभवाचे मार्क.

तरी बाकीच्यांना हे मार्क कशाबद्दल मिळतायत, याची चौकशी व्हायला हवी.

१५ सप्टेंबर, सोमवार. सकाळी १०.००

३८ टक्के. मला स्वतःचं आश्चर्य वाटत नाही.

१७ सप्टेंबर, बुधवार. दुपारी ३.४०

दुसऱ्या मजल्यावरून मळक्या चादरी खाली टाकायचं एक पत्र्याचं नळकांडं आहे. ते थेट चादरींच्या खोलीत उघडतं. पहिल्या मजल्यावरच्या झडपेतून मी आत डोकं घालून कान लावला. आत चादरींचा वास. शेफचा आवाज आला की त्यांच्याच्यानं होणार नाही. चादरबाई म्हणाली, आपणच हातात घेतलंय ते पुरं करू, रोज थोडं थोडं, कोणाला कळता कामा नये. प्लंबर म्हणाला, किल्ली माझ्याकडे आहे.

थोडं थोडं! किल्ली! माझ्या पायाखालची फरशी सरकली. मग वरून कोणीतरी चादर टाकली, ती माझ्या डोक्यावर आली.

म्हणजे माझी खुर्ची. हे तिघे मिळून माझी खुर्ची घेणार.

१८ सप्टेंबर, गुरुवार. सकाळी ८.१५

सायकलच्या साखळीनं खुर्ची काउंटरच्या पायाला बांधली. कुलूप घातलं. चावी २१४ च्या खणात, पासवर्डशेजारी. एका पाहुण्यानं विचारलं, इथे खुर्च्या चोरीला जातात का. मी म्हटलं, अजून गेलेली नाही.

बायकोला सांगितलं तर ती पोट धरून हसली. म्हणाली, त्या खुर्चीचं एक चाक गेलंय, पाठ मोडकी आहे, ती नेऊन कोणी काय करणार, चूल पेटवणार? तिला आतल्या गोष्टी ठाऊक नाहीत. मशिन आलं तर काय, हे मी तिला बोललेलो नाही. चोपन्नाव्या वर्षी मी आणखी कुठल्या काउंटरमागे उभा राहणार? हे वाक्य लिहायचं नव्हतं.

२२ सप्टेंबर, सोमवार. दुपारी १२.३०

घात. माझ्या सुट्टीच्या दिवशी चाव्यांचा फळा काढून नेला. दारांना कार्डाची कुलपं बसली. साठ पितळी चाव्या एका बादलीत पडल्या होत्या. मला त्यांच्याकडे बघवेना. एकेकीचा वजनावरून नंबर सांगायचो मी.

बादली धुंडाळली. पासवर्डची चिठ्ठी मिळाली. साखळीची चावी मिळाली नाही. खुर्ची आता कायमची बांधलेली. त्यातल्या त्यात हे सुरक्षितच म्हणायचं.

चिठ्ठीबद्दल एक गोष्ट. मी चार घड्या घातल्या होत्या, आता आठ आहेत. आणि कोपऱ्याला ग्रीसचा डाग. हवा दमट आहे, कागद आकसतो.

२१४ चं कार्ड स्वतःसाठी एक करून घेतलं. तपासणी थांबून चालणार नाही.

फ्रंट ऑफिस ७९.

२४ सप्टेंबर, बुधवार. सायं ५.००

जिन्यात चादरबाई भेटली. एक हात कमरेवर, दुसऱ्या हातात गाद्यांच्या खोळींचा ढीग. म्हणाली, साहेब, प्रॅक्टिकलची तयारी झाली का, नसेल तर तीनला खाली या, बसू एक तास. मी म्हटलं, माझे एकोणऐंशी झालेत, तुम्हीच बघा तुमचं. ती ढीग घेऊन वर गेली. मध्येच एकदा थांबली, भिंतीला टेकली.

खाली या म्हणे. चादरींच्या खोलीत दार एकच आहे. मी काय दूधखुळा?

२६ सप्टेंबर, शुक्रवार. सकाळी ९.१०

शंभर टक्के!

चारही हेड शंभर. पण चुकांच्या हिशेबात माझा नंबर पहिला. चोवीस पाठ सर्वांत कमी चुकांत पुरे. धाकट्या मालकांनी सगळ्यांसमोर माझ्या पाठीवर थाप मारली. सोमवारी मॅडम वीस मुलांना घेऊन येणार, तेव्हा प्रॅक्टिकलची सुरुवात मीच करायची, मोठ्या स्क्रीनवर. मुलांना दिसू दे म्हणाले, जुना माणूस नवं कसं शिकतो ते.

टाळ्या वाजल्या. फक्त तिघांनी वाजवल्या नाहीत. चादरबाई, प्लंबर आणि शेफ एकमेकांकडे बघत राहिले. प्लंबरचा तर चेहरा उतरला होता. जळतात.

दुपारी प्लंबर काउंटरला आला, इकडेतिकडे बघून म्हणाला, साहेब, सोमवारी आजारी पडा. उघड धमकी! वेळ लिहून ठेवली: २.१०.

२९ सप्टेंबर, सोमवार. सकाळी ९.३०, मुक्काम २१४

अकराला प्रॅक्टिकल. भाषण पाठ आहे, अकरा मिनिटांचं. विषय: पाहुणा ओळखावा कसा. बुटांना पॉलिश. मुलांच्या डोळ्यांत आदर दिसला तर नम्रपणे मान खाली घालायची, आरशासमोर दोनदा करून पाहिलं. सिस्टिम सुरू करून थोडा हात फिरवावा असं मनात आलं होतं, पण शंभर टक्केवाल्यानं सराव केला तर लोक संशय घेतील.

बनियन धुऊन वाळत टाकला आहे. संध्याकाळपर्यंत वाळेल. वही उशीखाली. बाकी निकाल लागल्यावर.

३० सप्टेंबर, मंगळवार. सायं ७.००, घरी. सुट्या कागदावर, वही माझ्या ताब्यात नाही

काल जे झालं ते क्रमानं लिहितो. पुरावा म्हणून नाही. डोक्यातून जात नाही म्हणून.

भाषण छान झालं. मुलांपैकी दोघं जांभया देत होती, पण ती पहाटे उठून आली होती. मग टायवाला म्हणाला, आता चेक-इन करून दाखवा. एक मुलगी बॅग घेऊन पाहुणी झाली.

पासवर्ड चुकला. पुन्हा चुकला. मागून प्लंबर हळूच म्हणाला, साहेब, पहिलं अक्षर मोठं. दाबलं, उघडलं. मी त्याला धन्यवाद देणार होतो, मग डोक्यात आलं की याला कसं माहीत? पण तेवढा वेळ नव्हता. समोर पंचवीस बटणं. मला त्यातलं एक ओळखीचं. मी ते दाबलं.

लाल बटण. मोठ्या स्क्रीनवर खोली २१४ आली, आणि तिच्याखाली महिनाभराची यादी. मला वाटत होतं बटण दाबलं की खोली फक्त बंद होते. तसं नसतं. रोज सकाळी मी बटण दाबलं की प्लंबरच्या फोनवर काम जातं. त्यानं जाऊन नळ पाहायचा, शेरा लिहायचा, काम मिटवायचं. शेरा लिहिल्याशिवाय काम मिटत नाही. तो सरळ माणूस आहे. जे दिसलं ते लिहिलं. पाहुणी झालेल्या मुलीनं मोठ्यानं वाचायला सुरुवात केली, तिला वाटलं हाही प्रॅक्टिकलचा भाग.

नळ ठीक आहे. नळ ठीक आहे, वॉशर उगाच बदलला. नळ ठीक आहे, खोलीत चपला आहेत. अकरा तारीख: नळ ठीक आहे, साहेब झोपले होते म्हणून हळू सोडून पाहिला, पंखा एकवर केला, साहेबांना सर्दी आहे. बारा तारीख: साहेब झोपले होते. पंधरा: साहेब झोपले होते. सोळा: साहेब घोरत होते, नळाचा आवाज ऐकू आला नाही, उद्या पाहतो.

वीसच्या वीस मुलं हसली. एकजण खाली बसून हसला. मॅडमनी रुमाल तोंडाला लावला. खुर्चीत बसावं म्हणून मी मागे सरकलो, तर ती साखळीला अडकून भलतीकडे होती. मी जमिनीवर बसता बसता वाचलो.

मग चादरबाई पुढे आली. हात पुसले, काउंटरमागे शिरली, पाहुणीला नमस्कार केला, नाव विचारलं, दोन ठिकाणी बोट लावलं, कार्ड काढून दिलं. तीन मिनिटंही नाही. मी बघत राहिलो. सिस्टिमनं दिलेली खोली: २१४. नळ ठीक असल्यामुळे.

कार्डानं दार कसं उघडतं ते पाहायला सगळी वरात वर गेली. उघडलं. आत आमच्या घरची निळ्या काठाची उशी, माझ्या चपला, थर्मास. आणि बाथरूममध्ये बनियन. त्याच नळावर.

खाली आल्यावर मॅडमनी विचारलं, मग शंभर टक्के कसे? मी तोंड उघडलं. अनुभव हा शब्द अगदी ओठावर आला होता. तेवढ्यात चादरबाई म्हणाली की यांचे चोवीसही पाठ आम्ही तिघांनी भरले. चिठ्ठी २१४ ची चावी घेताना प्लंबरला मिळाली. यांच्यामुळे पोरं अडली असती, आणि मशिन आलं असतं तर हे घरी बसले असते. चूक आमची आहे. तिघंही मान खाली घालून उभे. शाळेत असतात तसे.

निकाल. तिघे पास. फ्रंट ऑफिस शंभरावरून शून्य. पंधरा ऑक्टोबरला पुन्हा प्रॅक्टिकल, तोपर्यंत एकही मूल मिळणार नाही. नापास झालो तर सोळाला लॉबीत मशिन. धाकटे मालक हे सांगताना माझ्याकडे बघत नव्हते.

म्हणजे अजून पंधरा दिवस साठ खोल्या आणि पाच बायका. चादरबाईनं ऐकलं, कमरेवर हात ठेवला, आणि वर गेली. मला लाज वाटली. हे मी पूर्ण शुद्धीत लिहितो आहे.

घरी बायकोला सगळं सांगितलं, मशिनचंसुद्धा. ती हसेल म्हणून तयार होतो. ती एवढंच म्हणाली की निळी उशी दोन वर्षं शोधत होते. मग चहा ठेवला. साखर पूर्ण चमचा घातली, मी तसाच प्यायलो.

१ ऑक्टोबर, बुधवार. दुपारी २.४०

वही परत मिळाली.

आमच्याकडे खोलीत पाहुण्याची वस्तू राहिली की हाउसकीपिंग ती पिशवीत घालतं, वर लेबल लावतं. काउंटरवर माझ्या नावाची पिशवी होती. उशी एक, चपला जोड एक, थर्मास एक, बनियन एक, कोरडा. रोजनिशी एक, वाचलेली नाही.

न वाचता रोजनिशी आहे हे कसं कळलं?

पानं तपासली. सतरा तारखेपर्यंत काही नाही. अठराच्या पानावर, जिथे मी खुर्ची बांधल्याचं लिहिलं आहे, तिथे खाली पेन्सिलीनं दोन ओळी. आकडे आता सरळ काढते. लिहिलंय:

साहेब, आज दुपारी ३ ला खाली या, १५ तारखेला १४ च दिवस उरतात. येताना खुर्ची आणा, आमच्याकडे बसायला उलट्या बादल्याच आहेत.

सायं ४.३०

गेलो. फक्त नजर ठेवायला.

प्लंबरनं कटर आणून साखळी तोडली. लगेच फोनवर शेरा लिहिला: खुर्ची मोकळी केली. खुर्ची मी स्वतः उचलून मागच्या जिन्यानं खाली नेली. तीन चाकं, सव्वीस वर्षं, दोन मजले. मध्ये दोनदा थांबलो, भिंतीला टेकलो.

चादरींच्या खोलीत शेफ एका बादलीवर, प्लंबर दुसऱ्या. तिसरी चादरबाईची होती. तिच्यासमोर माझ्या खुर्चीत बसवेना. मी खुर्ची तिच्याकडे ढकलली आणि बादलीवर बसलो. ती नको नको म्हणाली, मग बसली, पाठ टेकली, आणि जरा वेळ डोळे मिटले. त्या खुर्चीची पाठ मोडकी आहे हे मी तिला सांगितलं नाही.

पाठ पहिला. पाहुणा चिडलेला आहे, तुम्ही आधी काय कराल? मला येत नाही, असं मी म्हटलं. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा, तेही तिघांसमोर. मग उत्तर दिलं. चुकलं. पुन्हा दिलं. पुन्हा चुकलं. तिसऱ्यांदा बरोबर आलं: आधी त्याचं ऐकून घ्यायचं.

तिघांपैकी कोणीही हसलं नाही. समोर पाहुणे नव्हते, तरीही. नक्कीच कुठंतरी पाणी मुरतंय.